नव्वद कुठं गेले

भूमच्या स्टँडमागं आमची भट्टी.
पहाटे चारला कढया चढायच्या,
आठच्या आत दूध आटलेलं,
आणि मी अंगाला खव्याचा वास घेऊन शाळेत.
पोरी बाकावर सरकायच्या,
काही माझ्याकडं, काही माझ्यापासून.

नववीत जहीरोद्दीन सरांनी फळ्यावर लिहिलं:
कंसात अ अधिक ब, कंसाचा घन.
अ म्हणजे तीन, ब म्हणजे दोन. करा.
अख्ख्या वर्गानं तिनाचा घन केला, दोनाचा केला,
सत्तावीस आणि आठ, पस्तीस.
सरांनी शेजारी पाचाचा घन मांडला,
एकशे पंचवीस.
खडू ठेवला, हात झटकले,
म्हणाले, नव्वद कुठं गेले?

मारलं नाही कुणाला.
मारलं असतं तर विसरून गेले असते.

संध्याकाळी सर भट्टीवर.
हातात सायकलच्या ब्रेकची तार, उकळत्या पाण्यातून काढलेली.
मन्मथआप्पा, पाच बोटं लांब, पाच रुंद, पाच उंच
असा एक ठोकळा द्या. पैसे देतो.
आप्पा म्हणाले, खवा किलोनं विकतो आम्ही,
बोटानं नाही.
तरी गार झालेला डबा पालथा केला,
कडा तासल्या, पुन्हा तासल्या,
आणि पाटावर असा ठोकळा ठेवला
की माशीनं कोपऱ्यावर बसताना विचार करावा.

तार तीनदा गेली.
उभी, आडवी, मग पोटातून,
दर खेपेला तीन बोटं इकडं, दोन तिकडं.
सरांनी तुकडे सुटे केले,
एका गोधडीतली झोपलेली पोरं
एकमेकांच्या अंगावरून उचलावीत तसे.
मोठा ठोकळा सत्तावीसचा, तो ओळखीचा.
बारका, पार पलीकडच्या कोपऱ्यातला, आठचा. तोही.
आणि त्या दोघांच्या मधे
तीन जाड वड्या, अठरा अठराच्या,
तीन कांड्या, बारा बाराच्या,
ज्यांचं नावही आम्ही घेतलं नव्हतं.
मोजा, सर म्हणाले.
चोपन्न. छत्तीस.
कुठं गेले नव्हते ते. तुम्हीच
दोन्ही टोकांना भेटून परत आलात.

आप्पांनी आठही तुकडे तराजूत टाकले.
अख्खा होता तेव्हा भरलेला पाऊण किलो,
आता चार ग्रॅम कमी.
ते इथं, म्हणत सरांनी तार चाटली.

वड्या आम्ही पोरांनी संपवल्या.
आप्पा मात्र पाटाकडंच बघत होते.
अन् घनाच्या पुढचं असलं तर, सर?
चार खेपा? चौथा काप कुठून मारायचा?

सर जरा थांबले.
चौथी बाजू नाही, आप्पा.
खव्याला नाही, तुम्हाला मला नाही.
तिथून पुढं नुसती वही जाते.

हे काही आप्पांना पटलं नाही.
रात्री कंदिलाशी बसून
मुठीएवढा गोळा फिरवत राहिले,
वरून, खालून, कुशीवरून,
जणू त्यानं कुठंतरी बाजू लपवून ठेवलीय.

पहाटे कढईतून उलथणं न काढता मला हाक मारली.
एका कापाला दोन तुकडे. दोन कापांना चार.
तिनाला आठ, ते काल डोळ्यानं बघितले.
मग चौथ्याला सोळा व्हायला पाहिजेत की नाही?
दिसोत, न दिसोत.
बघ तुझ्या वहीत.

मी धुरात डोळे चोळत विस्तार मांडला.
पहिल्याला एक, मग चार, मग सहा,
पुन्हा चार, पुन्हा एक.
बेरीज केली. परत केली.
सोळा, आप्पा.

हौ, ते म्हणाले. मग हायेत ते.
सांग सरांना.

त्या दिवशी खवा जरासा तळाला लागला.
पेढेवाल्यानं वास घेतला, किलोमागं चार रुपये कापले.
कामून लागला ते
आप्पांनी त्याला सांगितलं नाही.